वाचकांचे प्रश्न : ‘डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह’ म्हणजे मुलीच्या रक्तातच दोष आहे का?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. थोडी भातशेती आहे. मुलगी पावणेचार वर्षांची. मे महिन्यात माझी आई तिला अंघोळ घालत होती, तेव्हा पोटाच्या डाव्या बाजूला तिच्या हाताला काहीतरी घट्ट लागलं. पोरीला दुखत नव्हतं, ताप नव्हता, खेळत होती. बेळगावात सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन झालं. ‘विल्म्स ट्यूमर’ म्हणजे मूत्रपिंडाचा कॅन्सर आहे, म्हणाले. चार आठवडे इंजेक्शनं दिली, मग ऑपरेशन करून डावं मूत्रपिंड काढलं. आता पुढची इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर चांगले आहेत, पण ते कन्नडमधून सांगतात, रिपोर्ट इंग्रजीत, आणि आम्हाला कन्नड बाजारापुरतं येतं. रिपोर्टात ‘ट्रायफेजिक’, ‘इंटरमीडिएट रिस्क’ आणि ‘डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्यानं मोबाइलवर बघून सांगितलं, की डब्ल्यूटी-१ हे जनुक आहे आणि ते बिघडलं की हा कॅन्सर होतो. म्हणजे हे आमच्या रक्तातून आलं का? बायको पोटुशी असताना माहेरी निपाणीला विड्या वळायला बसायची. आता घरात त्यावरून बोलणी होतात. कुणी तंबाखूचं नाव घेतं, कुणी म्हणतं ग्रहण पाळलं नाही. ती काही बोलत नाही, धड जेवत नाही. थोरला मुलगा सात वर्षांचा आहे, त्यालाही होईल का? जनुकांच्या तपासणीला पोरीला घेऊन मुंबईला जावं लागेल का?

— एक वडील, खानापूर तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातली भीती बरीचशी एका शब्दातून उगवली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. रिपोर्टातल्या ‘डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह’चा अर्थ मुलीचं जनुक बिघडलं आहे असा होत नाही. माझी बत्तीस वर्षं बेळगावात सूक्ष्मदर्शकापुढे गेली. असा रिपोर्ट मी स्वतः कितीतरी वेळा लिहिला आहे, आणि तो वाचून घरी काय वादळ उठत असेल याचा विचार तेव्हा पुरेसा केला नाही, हे आज तुमचं पत्र वाचून जाणवलं.

ती एक रंगाची चाचणी असते. गाठीचा पातळ काप काचेवर घेतात आणि त्यावर डब्ल्यूटी-१ नावाच्या प्रथिनाला चिकटणारं द्रव्य सोडतात. ज्या पेशींच्या केंद्रकात ते प्रथिन असेल, तिथे तपकिरी रंग उमटतो. लहान मुलांच्या पोटात होणाऱ्या इतरही काही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली अशाच बारीक, निळ्या पेशींच्या दिसतात. तपकिरी रंग दिसला की ही गाठ मूत्रपिंड घडवणाऱ्या पेशींचीच आहे, असं म्हणायला आधार मिळतो. म्हणजे पॉझिटिव्ह ही ओळखीची खूण झाली. जनुकात बिघाड आहे की नाही, हे या रंगावरून ठरत नाही. तो प्रश्न वेगळा आणि त्याची तपासणीही वेगळी.

आता ही गाठ मुळात होते कशी ते सांगते. तुम्ही भात लावणारे आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. रोहिणी-मृगाच्या सुमारास तुम्ही तरवा टाकता. रोपं वाफ्यात दाटीनं वाढतात, मग उपटून चिखलात लावली की प्रत्येकाचा वेगळा बुंधा होतो, फुटवे येतात, लोंबी धरते. पोटातल्या बाळाचं मूत्रपिंड असंच घडतं. आधी कोऱ्या पेशींचा एक दाट पुंजका असतो. त्यात एक कोवळी नळी शिरते आणि तिला फांद्या फुटत जातात. प्रत्येक फांदीच्या टोकाशी काही कोऱ्या पेशी गोळा होतात, त्यांचा गोळा बनतो, गोळ्याची पोकळ नळी होते आणि शेवटी रक्त गाळणारी एक चाळणी तयार होते. एका मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख चाळण्या. हे काम जन्माआधीच, छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास संपतं. तोवर सगळा तरवा लावून झालेला असायला हवा.

पण रोपलावण झाल्यावर वाफ्याच्या कडेला चार रोपं राहतात की नाही? तशा काही कोऱ्या पेशी मूत्रपिंडात राहून जातात. शंभरातल्या एखाद्या बाळात त्या सापडतात, आणि बहुतेकांच्या आपोआप विरून जातात. एखाद्या मुलात मात्र त्या मोठं होणं विसरतात आणि वाढत राहतात. विल्म्सची गाठ म्हणजे हीच अर्धवट राहिलेली घडण. म्हणून ती पाच वर्षांच्या आत जास्त दिसते, आणि म्हणूनच म्हाताऱ्या माणसांच्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरशी तिचं नातं जवळपास नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. तंबाखूमुळे होतो तो मोठ्या माणसांचा कॅन्सर, तो आजारच निराळा.

‘ट्रायफेजिक’ म्हणजे काय, ते मी काचेवर पाहिलंय तसंच सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली आधी नजरेत भरतात त्या गडद निळ्या, गच्च बसलेल्या पेशी, ताटात मोहरी सांडावी तशा. त्या कोऱ्या पेशी. काच जरा सरकवली की त्याच मोहरीच्या कडेला पेशी ओळीनं उभ्या राहून गोल धरतात, मधे पोकळी ठेवतात. नळी करायचा प्रयत्न. कुठे एखादी अर्धीमुर्धी चाळणीही दिसते, आत रक्तवाहिनी नसलेली. आणि या सगळ्याच्या मधून फिकट, लांबोळक्या पेशींचा भराव. कोऱ्या पेशी, नळ्या आणि भराव, हे ते तीन. इतक्या वर्षांत इतक्या गाठी पाहिल्या, पण ही काच समोर आली की माझा हात थांबायचा. कॅन्सर पाहतेय असं वाटायचंच नाही. कुणीतरी मूत्रपिंड बांधायला घेतलंय आणि पुढची पायरी त्याला आठवत नाहीये, असं वाटायचं.

ही पुढची पायरी आठवून देणाऱ्यांपैकी एक म्हणजे डब्ल्यूटी-१ जनुक. ते अकराव्या गुणसूत्रावर असतं, शास्त्रज्ञांच्या हाती ते १९९० साली लागलं. त्याचं प्रथिन इतर जनुकांवर बसून कुणी चालू व्हायचं आणि कुणी थांबायचं ते ठरवतं. १९९३ साली उंदरांमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती काढून पाहिल्या, तर पिलांना मूत्रपिंडच आलं नाही. सुरुवातीला कोऱ्या पेशी जगवणं आणि नंतर त्यांना नळी व्हायला लावणं, दोन्ही कामांत त्याचा हात आहे.

आता तुमचा ‘रक्तातून आलं का’ हा प्रश्न. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. आल्फ्रेड नडसन आणि लुईस स्ट्राँग यांनी १९७२ साली या गाठीबद्दल असं मांडलं, की पेशी बहकायला दोन्ही प्रतींवर घाव बसावा लागतो. काही मुलं पहिला घाव जन्मतःच घेऊन येतात, त्यांना गाठ लवकर होते आणि बरेचदा दोन्ही बाजूंना होते. बाकीच्यांत दोन्ही घाव नंतर, मूत्रपिंडाच्याच एखाद्या पेशीत बसतात. हा विचार मोलाचा ठरला. पण पुढे कळलं, की या गाठीची गोष्ट तेवढ्यावर भागत नाही. गाठीच्या पेशींत डब्ल्यूटी-१ बिघडलेलं सापडतं ते साधारण दहा ते वीस टक्के गाठींत. बाकीच्यांत दुसरीच जनुकं असतात.

त्यातली दोन उदाहरणं देते. आयजीएफ-२ हे वाढीचं जनुक. त्याची आईकडून आलेली प्रत निसर्ग कुलूप लावून ठेवतो, फक्त वडिलांची चालते. पुष्कळ विल्म्स गाठींत हे कुलूप निघालेलं असतं, किंवा आईची प्रत जाऊन तिथे वडिलांचीच दुसरी बसलेली असते. वाढीचा हुकूम दुप्पट होतो. जनुकातलं एक अक्षरही न बदलता, नुसतं कुलूप निघाल्यानं हे होऊ शकतं. दुसरं उदाहरण ड्रोशाचं. पेशीत अगदी छोटे आरएनए असतात, ‘आता वाढ पुरे, मोठी हो’ असं पेशीला सांगणारे. लांब धाग्यातून ते कापून काढायचं पहिलं काम ड्रोशा नावाची कात्री करते. काही गाठींत ही कात्रीच बोथट झालेली असते, हे गेल्या दहा-बारा वर्षांत उघड झालं. निरोप कापलाच गेला नाही, म्हणून पेशी लहानच राहिली. या आजारात मला सर्वांत खोलवर भिडलेली गोष्ट हीच.

हे एवढं तपशिलात लिहिण्याचं कारण तुमची पत्नी आहे. यातले बहुतेक घाव कुणाच्या करणीनं बसत नाहीत. पेशी दुभंगताना अब्जावधी अक्षरं उतरवून घेते, त्यात एखादी चूक राहते. विल्म्सच्या गाठीसाठी बाहेरचं कुठलंही कारण आजवर ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ग्रहणाचा तर काही संबंधच नाही. विड्यांबद्दल सरळ सांगते : गरोदर बाईनं तंबाखूच्या धुळीत तासन्‌तास बसू नये, बाळाचं वजन आणि तिची स्वतःची छाती यांसाठी ते वाईटच. पण या गाठीचा दोष त्या सुपावर टाकता येत नाही. निपाणीकडच्या किती घरांत आयांनी विड्या वळून पोरं वाढवली आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. हा परिच्छेद घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, ती बसलेली असताना वाचा. आणि तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा हात लागला म्हणून गाठ कळली आणि उपचार सुरू झाले.

थोरल्या मुलाबद्दल. कुटुंबात एकाहून अधिक जणांना ही गाठ होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच. तुमच्या मुलीची गाठ एकाच बाजूला आहे. शिवाय तो सात वर्षांचा झाला, म्हणजे जास्त धोक्याची वर्षं मागे पडली. मुलीच्या बाबतीत डॉक्टरांना एवढं विचारा : दुसरं मूत्रपिंड स्कॅनमध्ये साफ आहे ना, तिचा एक हात किंवा पाय दुसऱ्यापेक्षा मोठा आहे का, जीभ मोठी आहे का, लघवीच्या जागेची ठेवण नेहमीसारखी आहे ना, आणि घराण्यात अशी गाठ कुणाला झाली होती का. यातलं काही निघालं, तर रक्ताची जनुक तपासणी आणि अनुवंशतज्ज्ञांचा सल्ला हवाच. सगळं नेहमीसारखं असलं तरी विचारायला हरकत नाही, कारण दहातल्या एखाद्या मुलात जन्मतःचा बदल सापडतो, आणि प्रत्येक वेळी तो बाहेरून दिसतोच असं नाही.

‘इंटरमीडिएट रिस्क’ हे आधीच्या चार आठवड्यांच्या इंजेक्शनांनंतर गाठ कशी दिसली त्यावरून ठरतं. बहुतेक मुलं याच गटात येतात. औषधानंतरही कोऱ्या निळ्या पेशीच जास्त उरल्या असत्या, किंवा पेशींची केंद्रकं सगळीकडे मोठी, वेडीवाकडी झाली असती, तर गट वरचा लागला असता. त्या वेड्यावाकड्या पेशींत बहुधा पी-५३ हे पेशीचं राखणदार जनुक गेलेलं असतं आणि औषधं त्यांच्यावर कमी चालतात. तुमच्या रिपोर्टात तसं काही नाही. उपचार पुरे केले तर प्रगत देशांत दहातली नऊ मुलं बरी होतात. यातला ‘पुरे केले तर’ हा भाग तुमच्या हातात आहे. पोरगी बरी दिसते, शेतात काम आहे, म्हणून पुढची तारीख चुकवू नका.

गाठीच्या जनुकांची तपासणी करायची झाली, तर त्यात आणखी एक गोष्ट बघतात : पहिल्या गुणसूत्राचा ‘लांब हात’, म्हणजे त्याचा लांबीनं मोठा भाग, जास्तीचा झालाय का. साधारण चारातल्या एका गाठीत, किंवा थोड्या जास्तच गाठींत, तो तसा असतो, आणि अशी गाठ परत येण्याची शक्यता थोडी जास्त धरतात. ही तपासणी हवी का, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मात्र त्यासाठी पोरीला मुंबईच्या बसमध्ये बसवायची गरज नाही. गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या वड्यांत जपून ठेवलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. ब्लॉक आणि काचा प्रयोगशाळेकडून लेखी मागून घ्या. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा बंगळुरूच्या किदवई संस्थेत दुसरं मत हवं असेल, तर ते घेऊन तुम्ही एकट्यानं गेलात तरी चालतं.

ब्लॉकवरून एक आठवण सांगते, दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून. फार वर्षांपूर्वी दुपारी चारच्या सुमारास एक वडील आमच्या दारात आले. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत लोणच्याची भरणी. एका रुग्णालयातून पोराचं मूत्रपिंड त्यांच्याच हाती देऊन पाठवलं होतं. गाठ नारळाएवढी, भरणीत दाबून बसवलेली, आणि फॉर्मालिन, म्हणजे अवयव नासू नये म्हणून घालायचा द्रव, तळाला बोटभर. आदल्या दिवशीचं ऑपरेशन, त्यात एप्रिलचं ऊन. मी कापलं तेव्हा कडेचा अर्धा इंच तेवढा करडा-गुलाबी, मेंदूसारखा मऊ उरला होता, मधलं सगळं नासून चिखल झालेलं. त्या पोराची गाठ कुठल्या गटातली, ते मी खात्रीनं लिहू शकले नाही. आणि बिचाऱ्या वडिलांनी ती भरणी बसमध्ये सबंध वाट मांडीवर धरून आणली होती. काढलेला अवयव नेऊन द्यायची पाळी कुणावर आली, तर विचारा : द्रव गाठीच्या दहापट आहे का, आणि डबा रुंद तोंडाचा आहे का.

अजून एक. अशी गाठ कळल्यावर बघायला येणारा प्रत्येक जण पोट चाचपून बघतो. ते करू देऊ नका. या गाठीचं वेष्टण पातळ असतं, ते फुटलं तर पेशी पोटभर पसरतात आणि उपचार वाढतात. तुमच्या पोरीचं आता ऑपरेशन झालंय, पण गावात पुढे कुणाच्या लेकराला असं झालं तर आठवण ठेवा.

इंजेक्शनांपैकी व्हिन्क्रिस्टिन हे तुमच्या तुळशीकट्ट्याशेजारी फुलणाऱ्या सदाफुलीतूनच आलेलं आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, त्या ते बनू देत नाही. त्यानं बद्धकोष्ठता होते, जबडा दुखतो, पावलं जड पडतात, हे डॉक्टरांना सांगत चला. आणि कुणी सदाफुलीच्या पाल्याचा रस पाजा म्हणालं, तर अजिबात पाजू नका. त्यातल्या औषधाचं प्रमाण तुमच्या-माझ्या हातात नसतं. दुसरं औषध ऍक्टिनोमायसिन-डी मातीतल्या जिवाणूपासून मिळतं. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९५० च्या दशकात ते या मुलांना द्यायला सुरुवात केली. मॅक्स विल्म्स या जर्मन सर्जननं १८९९ साली या गाठीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा कापण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

राहिलेलं उजवं मूत्रपिंड आता थोडं मोठं होईल आणि दोघांचं काम करील. वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासा. दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून आणू नका. शाळेत घाला, पळू द्या.

प्रश्न : माझा भाचा पाच महिन्यांचा आहे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जन्मापासून नाही, उजेडात डोळे मिटून घेतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी करायला सांगितली. डोळ्याचा आणि पोटाचा काय संबंध? घरचे म्हणतात, उगाच खर्च.

— एक आत्या, वडगाव, बेळगाव

उत्तर : उगाच नाही, आत्याबाई. त्या डॉक्टरांचे आभार माना.

अमेरिकेतल्या रॉबर्ट मिलर आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली विल्म्सच्या ४४० मुलांचे कागद चाळले, तेव्हा त्यातल्या ६ मुलांच्या डोळ्यांत हा रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, नव्हती. एरवी हा दोष पन्नास हजार ते लाखात एखाद्या बाळात असतो. कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. परितारिका घडवणारं पॅक्स-६ आणि वर सांगितलेलं डब्ल्यूटी-१ ही अकराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. काही बाळांत गुणसूत्राचा तो तुकडाच गळालेला असतो आणि दोन्ही घरं एकदम जातात. पहिला घाव जन्मतःच बसलेला असतो. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुढे मूत्रपिंडाची गाठ होते.

पण तुमच्या भाच्याचा तुकडा किती मोठा गेलाय, ते आज ठाऊक नाही. कदाचित एकट्या पॅक्स-६ मध्येच बारीक बदल असेल. बाळाच्या आईला किंवा वडिलांना असेच डोळे असतील, तर ती शक्यता जास्त. ते कळायला रक्ताची एक तपासणी असते, क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे. डब्ल्यूटी-१ च्या दोन्ही प्रती शाबूत निघाल्या, तर सोनोग्राफीचा हा फेरा डॉक्टरांना विचारून थांबवता येईल. एक प्रत गेलेली असेल, तर साधारण सात-आठ वर्षांचा होईपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. तीन महिने अशासाठी, की ही गाठ काही आठवड्यांत दुप्पट होते. सहा महिन्यांवर ढकललं तर मधे ती हाताला लागेल एवढी वाढू शकते.

तपासणीचा कागद आला की बाळाचं नाव झाकून त्याची प्रत इथे पाठवा. त्यात ‘११पी१३’ (अकराव्या गुणसूत्रावरची या दोन जनुकांची जागा) असं लिहिलेली ओळ असेल, तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून पाठवा. तोवर पुढची सोनोग्राफी ठरल्या तारखेलाच करून घ्या.